मेडिसिन आणि सायकियाट्री, दोन्हींना अर्ज करायचा आहे: शिफारसपत्रांची वाटणी कशी करावी?

गोदाकाठ यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. मी नाशिकमध्ये एमबीबीएस आणि इंटर्नशिप पूर्ण केली असून या सप्टेंबरमध्ये अमेरिकेतील रेसिडेन्सीसाठी (पदव्युत्तर प्रशिक्षणासाठी) अर्ज करणार आहे. तिथल्या परवाना परीक्षेचा पहिला टप्पा, स्टेप वन, उत्तीर्ण झाले आहे, पुढच्या टप्प्याचा, म्हणजे स्टेप टू सीकेचा, निकाल हातात आहे आणि ट्रान्सक्रिप्टसाठी म्हसरूळच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठात घालायच्या खेपाही संपल्या आहेत. आता अडले आहे ते शिफारसपत्रांपाशी. आपल्याकडे नीट-पीजीच्या क्रमांकावर शाखा ठरते आणि कोणाचे पत्र लागत नाही, त्यामुळे महाविद्यालयातील वरिष्ठांना याविषयी विचारले तर ते आपुलकीने ऐकून घेतात, पण नेमके उत्तर देऊ शकत नाहीत.

मला इंटर्नल मेडिसिन आणि सायकियाट्री अशा दोन शाखांना अर्ज करायचे आहेत. यामागे जागा मिळण्याची काळजी आहे, हे मी नाकारत नाही. २०२४ च्या मॅचमध्ये, म्हणजे रेसिडेन्सीच्या जागावाटपात, अमेरिकेचे नागरिक नसलेल्या परदेशी पदवीधरांपैकी ५८.५ टक्क्यांनाच जागा मिळाली, आणि हा आकडा माझ्या वडिलांना पाठ झाला आहे. परंतु खरे कारण इंटर्नशिपमधले आहे. आमच्या मेडिसिनच्या वॉर्डात निफाड आणि दिंडोरीकडून कीटकनाशक प्यायलेले रुग्ण येत असत. पहिली रात्र ॲट्रोपिन या उताऱ्याच्या मात्रा आणि छातीतला आवाज तपासण्यात जाई. चौथ्या-पाचव्या दिवशी रुग्ण उठून बसला की त्याच्याशी बोलायला कोणाजवळ वेळ नसे, आणि मी ड्यूटी संपल्यावर तिथे थांबू लागले. मला दोन्ही शाखांची ओढ एकाच खाटेपाशी लागली, असे मी प्रामाणिकपणे म्हणू शकते.

पत्र देऊ शकतील अशा पाच व्यक्ती आहेत. नाशिकमधील मेडिसिनचे युनिट प्रमुख सर, ज्यांच्या हाताखाली मी दोन महिने काम केले. सायकियाट्रीच्या मॅडम, ज्यांच्याकडे माझी पोस्टिंग पंधरा दिवसांचीच झाली. ग्रामीण पोस्टिंगमधले प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी. अमेरिकेत जिथे चार आठवडे मेडिसिनची ऑब्झर्वरशिप केली, म्हणजे नुसते निरीक्षण केले, तेथील अटेंडिंग, म्हणजे वरिष्ठ डॉक्टर. आणि तिथेच पुढचे चार आठवडे ज्यांच्या क्लिनिकमध्ये बसले ते मानसोपचारतज्ज्ञ.

एका प्रोग्रॅमला, म्हणजे एका रुग्णालयातील एका शाखेच्या प्रशिक्षणक्रमाला, चारच पत्रे जोडता येतात असे कळले. मग मेडिसिनवाल्यांचे पत्र सायकियाट्रीला पाठवले तर ते खटकेल का? युनिट प्रमुखांकडे एकाच वेळी दोन पत्रे मागणे अशिष्ट दिसेल का? मी दुसऱ्या शाखेलाही अर्ज करते आहे, हे पत्र देणाऱ्यांना सांगावे की सांगू नये? शेवटची गोष्ट लिहिताना संकोच वाटतो: सर म्हणाले आहेत, "मसुदा तूच लिहून आण, मी सही करतो." त्यांच्या दृष्टीने ही मदतच आहे, आणि सगळे असेच करतात असे मित्रमैत्रिणी सांगतात. मला ते बरोबर वाटत नाही, पण सरांना नाही कसे म्हणावे हेही सुचत नाही.

नाशिकरोडकर यांचे उत्तर

मी मूळचा नाशिकरोडचा, सध्या अमेरिकेत इंटर्नल मेडिसिनच्या तिसऱ्या वर्षाला आहे. माझ्या वेळी मी मेडिसिन आणि न्यूरॉलॉजी अशा दोन शाखांना अर्ज केले होते, त्यामुळे तुमची अडचण मला परिचयाची आहे. आधी यंत्रणा नीट समजून घ्या, कारण निम्मी भीती तिथेच संपते.

इरास या अर्जप्रणालीत पत्रे किती गोळा करावीत यावर बंधन नाही. बंधन आहे ते एका प्रोग्रॅमला जास्तीत जास्त चार जोडण्याचे. म्हणजे तुमच्या खात्यात सात पत्रे असू शकतात आणि त्यांतली कोणती चार कोणत्या प्रोग्रॅमला जातील हे प्रत्येक प्रोग्रॅमसाठी तुम्हीच ठरवता. प्रत्येक पत्राची स्वतंत्र नोंद करावी लागते. त्या नोंदीतून एक विनंतीपत्रक तयार होते, त्यावर त्या पत्राचा स्वतःचा क्रमांक असतो, आणि पत्र देणारे डॉक्टर तो क्रमांक वापरून पोर्टलवर पत्र चढवतात. एकाच डॉक्टरांकडून दोन पत्रे हवी असतील तर दोन नोंदी, दोन विनंतीपत्रके आणि दोन क्रमांक लागतील. नोंद करताना हे पत्र कोणत्या शाखेसाठी आहे ते लिहायची जागा असते. ती ऐच्छिक आहे, पण तुमच्या बाबतीत ती भरलीच पाहिजे, कारण विनंतीपत्रकावर ते छापून येते आणि लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर राहते.

डीनकडून जाणारे एमएसपीई, म्हणजे विद्यार्थ्याच्या कामगिरीचे महाविद्यालयाचे पत्र, या चारांत मोजले जात नाही. परदेशी पदवीधरांचे ते ईसीएफएमजीमार्फत, म्हणजे परदेशी वैद्यकीय पदवीधरांची कागदपत्रे तपासणाऱ्या अमेरिकी संस्थेमार्फत, स्वतंत्रपणे जाते. माझ्या एका सहाध्यायीने ते चारांतले एक समजून तीनच पत्रे जमवली होती, म्हणून मुद्दाम सांगतो.

आता दोन धोके. पहिला असा की अर्ज दाखल झाल्यावर त्या प्रोग्रॅमला जोडलेले पत्र मागे घेता येत नाही. पर्सनल स्टेटमेंटच्या (अर्जदाराने स्वतःविषयी लिहिलेल्या निवेदनाच्या) बाबतीत जशी दुरुस्तीला थोडी वाट असते तशी इथे नाही. रिकामी जागा मात्र नंतर भरता येते. म्हणून चौथे पत्र कमकुवत असेल तर ते सप्टेंबरमध्ये घाईने जोडू नका. तीन चांगली पत्रे जोडून अर्ज पाठवा आणि चौथे उशिरा आले तरी चालेल असे समजा. बहुतेक प्रोग्रॅम किमान तीन मागतात, मात्र प्रत्येकाच्या संकेतस्थळावर जाऊन हे तपासणे आवश्यक आहे, कारण त्यांतली किती पत्रे अमेरिकेतील डॉक्टरांची असावीत याबाबत काहींचा स्पष्ट नियम असतो.

दुसरा धोका अधिक मोठा आहे. पत्र वाचण्याचा आपला अधिकार आपण सोडून देतो. अमेरिकेच्या १९७४ च्या कायद्याने विद्यार्थ्याला तो अधिकार दिलेला आहे, पण तो सोडला आहे की राखून ठेवला आहे हे प्रोग्रॅमला दिसते आणि राखून ठेवलेल्या पत्रावर वाचणाऱ्याचा विश्वास कमी बसतो. तेव्हा अधिकार सोडायचाच. परंतु याचा अर्थ असा की सरांनी सायकियाट्रीच्या क्रमांकावर चुकून मेडिसिनचे पत्र चढवले तर तुम्हाला ते कधीही कळणार नाही. तुम्हाला एवढेच दिसेल की पत्र आले. यावर मी केलेला उपाय साधा होता. दोन विनंत्या एकाच ईमेलमध्ये न पाठवता आठवडाभराच्या अंतराने दोन वेगळ्या ईमेलमध्ये पाठवल्या, विषयाच्या ओळीत शाखेचे नाव लिहिले, आणि पहिले पत्र चढल्याचे दिसल्यावरच दुसरी विनंती केली.

वाटणीविषयी माझे मत असे आहे की ज्या शाखेला अर्ज आहे त्या शाखेची किमान दोन पत्रे असावीत, त्यांतले एक तरी अमेरिकेतले असावे, आणि उरलेल्या जागी तुम्हाला सर्वांत जास्त जवळून पाहिलेल्या व्यक्तीचे पत्र असावे, मग ती व्यक्ती कोणत्याही शाखेची का असेना. मेडिसिनचे पत्र सायकियाट्रीला खटकत नाही, कारण सायकियाट्रीच्या चार वर्षांच्या प्रशिक्षणात किमान चार महिने मेडिसिन, फॅमिली मेडिसिन किंवा बालरोग यांसारख्या विभागात आणि किमान दोन महिने न्यूरॉलॉजीत काढावे लागतात. वॉर्डातला रुग्ण रात्री बिघडला तर हा रेसिडेंट तो ओळखेल का, हा प्रश्न तिथल्या प्रोग्रॅम डायरेक्टरलाही पडतो. खटकते ते एकच वाक्य: "ही उमेदवार उत्तम इंटर्निस्ट (मेडिसिनची डॉक्टर) होईल." हे वाक्य सायकियाट्रीच्या अर्जात गेले की बाकीचे तीन परिच्छेद वाया जातात.

पंचवटी_दोन यांचे उत्तर

नाशिकरोडकरांनी सांगितलेली यंत्रणा बरोबर आहे. वाटणीच्या बाबतीत मात्र माझा अनुभव थोडा वेगळा आहे. मी पहिल्या वर्षी फक्त मेडिसिनला अर्ज केला आणि जागा मिळाली नाही, दुसऱ्या वर्षी मेडिसिन आणि फॅमिली मेडिसिन अशा दोन्हींना केला आणि फॅमिली मेडिसिनमध्ये जागा मिळाली. माझ्या मते भारतातील पत्र दोन्ही ठिकाणी जोडण्याऐवजी एकदाही जोडू नये. वाचणाऱ्याला आपले महाविद्यालय माहीत नसते, आपल्या सरांचे नाव माहीत नसते, आणि पत्राचा मजकूर बहुधा चारित्र्याच्या दाखल्यासारखा असतो. माझ्या पहिल्या वर्षीच्या अर्जात अशी दोन पत्रे होती आणि त्यांचा मला काही उपयोग झाला असे वाटत नाही.

तुमच्या प्रश्नाला लागूनच येणारी एक गोष्ट, दुसऱ्या शाखेचा अर्ज प्रोग्रॅमपासून लपतो का, यावर थोडे लिहितो. एका प्रोग्रॅमला तुमचे इतर अर्ज प्रणालीत दिसत नाहीत. पण अर्जातला अनुभवांचा भाग सर्वांना सारखाच जातो. त्यात दहा अनुभव लिहिता येतात आणि त्यांतले तीन महत्त्वाचे म्हणून निवडता येतात, तेव्हा सायकियाट्रीवाल्यांना तुमची मेडिसिनची ऑब्झर्वरशिप दिसणारच आहे. शिवाय एकाच रुग्णालयाच्या दोन विभागांना अर्ज केलात तर त्या दोन विभागांतली माणसे जेवणाच्या टेबलावर भेटतात हे लक्षात ठेवा. मी एका रुग्णालयाच्या दोन्ही विभागांना अर्ज केला होता आणि मुलाखतीत मला थेट विचारले गेले. उत्तर तयार नव्हते. तुमच्याजवळ मात्र उत्तर आहे. प्रश्नाच्या दुसऱ्या परिच्छेदात तुम्ही जे लिहिले आहे, तेच शांतपणे सांगावे.

खर्चाचेही गणित पाहून ठेवा. २०२५ च्या हंगामात शुल्क प्रत्येक शाखेसाठी वेगळे मोजले जात होते: पहिल्या तीस प्रोग्रॅमना प्रत्येकी ११ डॉलर, त्यापुढे प्रत्येकी ३०. एकाच शाखेत साठ अर्ज केले तर १,२३० डॉलर होतात, दोन शाखांत तीस-तीस केले तर ६६०. अनेक जण दुसरी शाखा महाग पडेल असे समजतात, प्रत्यक्षात उलट घडू शकते. शेवटी मॅच चालवणाऱ्या एनआरएमपी या संस्थेकडे जी पसंतीयादी द्यायची असते तिच्यात दोन्ही शाखांचे प्रोग्रॅम एकाच यादीत, हव्या त्या क्रमाने मिसळून लिहिता येतात, त्यामुळे आज कोणती शाखा पहिली हे ठरवण्याची सक्ती नाही.

गंगापूररोड_मानसोपचार यांचे उत्तर

मी नाशिकमध्ये मानसोपचाराचा व्यवसाय करतो आणि बरीच वर्षे विद्यार्थ्यांना शिकवत होतो. पत्रे मागणाऱ्यांची बाजू वर चांगली मांडली गेली आहे; मी पत्रे लिहिणाऱ्याच्या बाजूने लिहितो, आणि पंचवटी_दोन यांच्या एका मताशी असहमती नोंदवतो.

आपल्या भाषेत शिफारस या शब्दाला वशिल्याचा वास चिकटलेला आहे. शिफारस म्हणजे वजन असलेल्या माणसाने टाकलेला शब्द, अशी आपली समजूत असते. त्यामुळे विद्यार्थी मोठ्या पदाच्या व्यक्तीकडे धावतो, आणि ती व्यक्तीही आपले पद हेच पत्राचे बळ आहे असे समजून चार ओळींत "कष्टाळू, प्रामाणिक, उत्तम चारित्र्याची, भावी वाटचालीस शुभेच्छा" असे लिहून देते. अशी पत्रे मी स्वतःही पूर्वी लिहिली आहेत. ज्या मुलाखतकाराला आपले पद ठाऊक नाही त्याला त्या चार ओळींतून काहीच मिळत नाही. तिथे पत्र म्हणजे साक्ष असते. या मुलीला मी काम करताना पाहिले, अमुक प्रसंगी तिने अमुक केले, तिच्या बरोबरीच्या मुलांच्या तुलनेत ती इथे उभी आहे, आणि मी तिला माझ्या विभागात घेईन, एवढे सांगायचे असते. भारतातील पत्रे वाया जातात हे पंचवटी_दोन यांचे निरीक्षण खरे असेल, पण ती भारतातील आहेत म्हणून वाया जात नाहीत. त्यांत प्रसंग नसतो म्हणून वाया जातात. ऑब्झर्वरशिपमध्ये रुग्णाला हात लावता येत नाही. तिथले अटेंडिंग कितीही सज्जन असले तरी या मुलीने स्वतःच्या जबाबदारीवर काय केले हे ते लिहू शकत नाहीत. ते नाशिकच्या वॉर्डात ज्यांनी पाहिले तेच लिहू शकतात.

म्हणून, गोदाकाठ, तुमच्या युनिट प्रमुखांचे पत्र दोन्ही अर्जांचा कणा होऊ शकते असे मला वाटते, आणि त्यांच्याकडून दोन पत्रे मागणे यात अशिष्ट काही नाही. फक्त दोन पत्रांचा अर्थ नीट समजून घ्या. शाखेचे नाव बदलून तेच पत्र पुन्हा छापणे म्हणजे दोन पत्रे नव्हेत. तुम्ही ज्या रुग्णांविषयी लिहिले त्यांच्यापैकी एकाचे उदाहरण घेऊ. ऑर्गॅनोफॉस्फरस या प्रकारचे कीटकनाशक प्यायलेला रुग्ण पहिल्या दिवसाच्या संकटातून बाहेर आला तरी साधारण चोवीस ते शहाण्णव तासांच्या दरम्यान त्याच्या मानेचे आणि श्वसनाचे स्नायू दुबळे पडू शकतात, हे आपण सर्व जण शिकतो. समजा, तिसऱ्या रात्री त्याला उशीवरून डोके उचलता येत नाही हे तुमच्या लक्षात आले आणि तुम्ही वरिष्ठांना उठवले. मेडिसिनच्या पत्रात सरांनी हे लिहावे, सविस्तर लिहावे. समजा, त्याच रुग्णाजवळ तुम्ही पाचव्या दिवशी बसलात, बागेवरचे कर्ज आणि घरातला अबोला त्याच्या तोंडून ऐकलात, घरात उरलेला औषधाचा डबा हलवायला त्याच्या भावाला सांगितलेत आणि डिस्चार्जच्या आधी सायकियाट्रीचे मत घ्यावे म्हणून सरांकडे आग्रह धरलात. सायकियाट्रीच्या पत्रात हे यावे. रुग्ण तोच, मुलगी तीच, दोन्ही पत्रे खरी. एका पत्रात दुसऱ्याविरुद्ध काही नाही, आणि उद्या एखाद्याने दोन्ही शेजारी ठेवून वाचली तरी तुम्हाला मान खाली घालावी लागणार नाही. मात्र पत्रात रुग्णाची ओळख पटेल असे गाव, नाव, तारीख काही येता कामा नये, हे सरांना आठवणीने सांगा.

यावरून तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आपोआप मिळते. दुसऱ्या शाखेविषयी पत्र देणाऱ्यांना सांगावेच लागेल. माझ्याकडे काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीने पत्र मागितले. मी ती मानसोपचारातच जाणार असे समजून लिहिले की या मुलीने दुसऱ्या कोणत्याही शाखेचा विचार केलेला मला ठाऊक नाही. तिने तेच पत्र दुसऱ्या शाखेलाही जोडले होते, हे मला पुढे तिच्याकडूनच कळले. तिने फसवायचे म्हणून तसे केले नव्हते. मला वाईट वाटेल या भीतीने ती बोलली नव्हती. नुकसान तिचे झाले, आणि मी लिहिण्याआधी एक प्रश्न विचारला असता तर ते टळले असते. तेव्हापासून मी प्रत्येकाला आधी विचारतो की हे पत्र कुठे कुठे जाणार आहे.

आता मसुद्याविषयी. आपल्याकडे ही प्रथा इतकी रुळली आहे की तिच्यात काही चूक आहे असे कोणाला वाटत नाही, आणि सरांनी तुमचा गैरफायदा घेतला असेही मी म्हणणार नाही. तरीही लिहू नका. एक तर ज्या पत्राविषयी वाचण्याचा अधिकार मी सोडला असे तुम्ही प्रणालीत लेखी सांगता, ते तुम्ही स्वतःच लिहिलेले असेल तर ते विधान खोटे ठरते. दुसरे म्हणजे तुमच्या पर्सनल स्टेटमेंटची भाषा आणि पत्राची भाषा एकाच हातची आहे हे अनुभवी वाचकाला चटकन कळते, आणि तुम्ही तर अशी दोन-तीन पत्रे एकाच अर्जात पाठवणार. ईसीएफएमजी कागदपत्रांतल्या खोटेपणाची चौकशी करते आणि ठपका बसला तर तो पुढच्या प्रत्येक अर्जाबरोबर वागवावा लागतो. पत्र चढवण्याचे कामही सरांनी किंवा त्यांनी नेमलेल्या व्यक्तीने करायचे असते. सरांच्या केबिनमध्ये बसून आपल्याच लॅपटॉपवरून ते चढवून देण्याचा मोह टाळा.

सरांना नाही म्हणण्याची गरज पडणार नाही. मसुद्याऐवजी दोन पानांचे टिपण न्या. त्यात तुमच्या पोस्टिंगच्या तारखा, तुम्ही सादर केलेल्या केसेस, वर सांगितल्यासारखे तीन-चार प्रसंग नुसत्या मुद्द्यांच्या रूपात, विशेषणे न लावता, आणि दोन्ही विनंतीपत्रके असू द्या. त्यांना सांगा, "सर, तिकडे पत्र देणाऱ्याच्या स्वतःच्या शब्दांतले लागते, पण आपल्याला आठवायला सोपे जावे म्हणून मी हे लिहून आणले आहे." ज्या शिक्षकाला लिहायचा कंटाळा असतो त्याचा कंटाळा बहुतेक वेळा आठवण्याचा असतो. त्यांना इंग्रजीत टंकन करणे जड जात असेल तर त्यांनी सांगावे आणि विभागाच्या लिपिकाने उतरवून घ्यावे, त्याला हरकत नाही. पत्र लेटरहेडवर असावे, खाली सही आणि तारीख असावी, आणि ते याच वर्षीचे असावे.

पंधरा दिवसांच्या पोस्टिंगवर सायकियाट्रीच्या मॅडमचे पत्र घ्यावे का, हे मी त्यांच्यावरच सोडेन. "मॅडम, माझ्याविषयी ठामपणे लिहिता येईल इतके तुम्ही मला पाहिले आहे का?" असे विचारा. त्या क्षणभर थांबल्या तर आग्रह करू नका.

गोदाकाठ

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, त्यासाठी मनापासून आभार. काल सरांना भेटले. टिपण बघून ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग त्यांनी त्यातल्या एका रुग्णाची मला न आठवलेली गोष्ट मला सांगितली आणि दोन्ही पत्रे स्वतः लिहितो म्हणाले. मॅडमना विचारले, त्या म्हणाल्या की पंधरा दिवसांवर पूर्ण पत्र देणे त्यांना योग्य वाटत नाही, परंतु मी ऑगस्टपर्यंत आठवड्यातून दोन दिवस त्यांच्या ओपीडीत येऊन बसले आणि केसेस मांडल्या तर त्या लिहितील. मी उद्यापासून जाणार आहे.

आता माझी वाटणी अशी ठरते आहे: मेडिसिनला अमेरिकेतील मेडिसिनचे अटेंडिंग, सरांचे मेडिसिनचे पत्र आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांचे पत्र, सायकियाट्रीला अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञ, सरांचे दुसरे पत्र, मॅडमचे पत्र आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांचे पत्र. वैद्यकीय अधिकाऱ्यांचे पत्र कोणत्याही शाखेचे नाव न घेता एकच लिहावे असे मी त्यांना सुचवणार आहे. मेडिसिनची चौथी जागा अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या पत्राने भरावी का? तसे केले तर अमेरिकेतली दोन पत्रे दिसतील, असा विचार मनात आला.

नाशिकरोडकर यांचे उत्तर

वैद्यकीय अधिकाऱ्यांचे शाखानिरपेक्ष पत्र ही चांगली निवड आहे, आणि तुम्ही पाठवण्यापूर्वी त्यांना एवढेच स्पष्ट सांगा की शेवटच्या परिच्छेदात "ज्या शाखेत ती प्रशिक्षण घेईल तिथे" अशी रचना ठेवावी, कारण शाखा शिरते ती नेहमी शेवटच्या परिच्छेदातच.

मेडिसिनची चौथी जागा मानसोपचारतज्ज्ञांच्या पत्राने भरू नका. त्यांनी तुम्हाला सायकियाट्रीची भावी रेसिडेंट म्हणूनच पाहिले आहे आणि ते तसेच लिहितील. तसे लिहिणे हाच त्या पत्राचा गुण आहे. मेडिसिन आणि सायकियाट्री या दोन्हींचे एकत्र पाच वर्षांचे प्रशिक्षण देणारे थोडे प्रोग्रॅम अमेरिकेत आहेत. तुमची गोष्ट वाचल्यापासून ते सुचवावेत असे वाटत होते, कारण तिथे दोन्ही बाजूंची पत्रे हवीच असतात. त्यांतल्या एखाद्याला अर्ज केलात तर मेडिसिनचे अटेंडिंग, मानसोपचारतज्ज्ञ आणि मॅडम यांची पत्रे एकत्र जोडा. त्यांच्याबरोबर सरांच्या दोन पत्रांपैकी कोणते जोडायचे हे सरांनाच विचारून ठरवा, कारण काय लिहिले आहे ते त्यांनाच ठाऊक असेल.

वेळेचे भान मात्र ठेवा. गेल्या हंगामात अर्ज दाखल करणे ३ सप्टेंबर २०२५ पासून सुरू झाले, म्हणजे गणपती बसलेले असताना, आणि प्रोग्रॅमना अर्ज उघडता आले ते २४ सप्टेंबरला तिकडच्या पूर्व किनाऱ्याच्या वेळेप्रमाणे सकाळी नऊ वाजता, म्हणजे नाशिकमध्ये संध्याकाळी साडेसहाला. सणाच्या दिवसांत सरांच्या मागे लागणे तुम्हालाही जड जाईल आणि त्यांनाही. पहिली विनंती या आठवड्यात पाठवा, दुसरी ती चढल्याचे दिसल्यावर.